जाडीला पाणी

२ डिसेंबर
सुलोचनाला दुर्ग स्टेशनवर गाडीत बसवून आलो. मीनाचं बाळंतपण नागपूरला, म्हणजे आमच्या पोरीकडे दीड-दोन महिने हिचा मुक्काम. खिडकीतून सूचना चालूच. मिरच्यांना रोज पाणी, मेथीला रोज पाणी. ‘अन् जाडीले...’ म्हणाली तर मीच तोडलं, ‘मले नोको शिकवू. छत्तीस वर्षं प्लांटात लोखंड सांभाळलं, एक कुंडी नाही सांभाळनार काय?’ गाडी सुटली. आता घरात आवाज फक्त फ्रीजचा.

५ डिसेंबर
शेजारी विचारत होते, या झाडाचं नाव काय. अडेनियम. नर्सरीवाले डेझर्ट रोज म्हणतात, पण त्यात गुलाबाचं काही नाही, काटासुद्धा नाही. बुड रांजणासारखं फुगलेलं, वर चार बारीक फांद्या. म्हणून सु.ने नाव ठेवलं जाडी. भर मे महिन्यात बाकी सगळं करपतं तेव्हा हिला गुलाबी फुलं येतात. स्वभावच उलटा.
रायपूरला सु.चा कॅन्सरचा इलाज चालू होता त्या वर्षी तिने हे बी लावलं. आपल्यात नवस-बिवस नाही, बाबासाहेबांनी ते सगळं सोडवलं. पण बी उगवलं आणि सु. बरी झाली, हे दोन्ही मी एकाच वेळी पाहिलं.

११ डिसेंबर
जाडीची पानं पिवळी पडून गळताहेत. तहान लागली असणार. आजपासून सकाळच्या ए शिफ्टला एक मग, दुपारच्या बी शिफ्टला एक मग. रिटायर झालो तरी दिवस शिफ्टनेच मोजतो.

१४ डिसेंबर
मीनाला मुलगी. दोघी बऱ्या. जीव भांड्यात पडला. सिविक सेंटरहून पेढे आणून क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत वाटले.
रात्री जेवायच्या आधी व्हिडिओ कॉल. नात दाखवून झाली, मग सु. म्हणाली, ‘जाडी दाखवा बरं.’ मी मिरच्या दाखवल्या, म्हटलं नेटवर्क जाऊन राहिलं, फोन ठेवला. जाडीवर एक पान नाही. उद्यापासून दोनाचे तीन मग.

६ जानेवारी
सकाळी बुड दाबून पाहिलं. बोट आत गेलं. वास आला.
कुंडी स्कूटरवर पायांमध्ये धरून भिलाई-३ ला. तिथल्या नर्सरीचे म्हातारे साहूजी. विचारलं, ‘पानी दिए थे क्या?’ म्हटलं, रोज, तीन टाइम. चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. ‘भैया, ये ठंड में सोती है। अपना पानी पेट में रख के सोती है। आप सोते आदमी को उठा-उठा के पानी पिला रहे थे।’
आता?
‘काट के देखो। अंदर सफेद मिल गया तो बचेगी।’

७ जानेवारी
कापली.
प्लांटात माझं काम हेच. बिलेटवरच्या, म्हणजे लोखंडाच्या लांब ठोकळ्यांवरच्या, भेगा ग्राइंडरने घासून काढायच्या. उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं, चांगलं लोखंड लागेपर्यंत थांबू नको. माल वाचवायला अर्धी भेग ठेवशील तर रोलिंगमध्ये लाटताना सगळा माल फाटेल. तपकिरी, परत तपकिरी, अजून एक चकती. निम्मं बुड गेलं तेव्हा कुठे पांढरं लागलं. हळद चोपडली, स्वयंपाकघरातल्या दोरीला उलटी टांगली. चीक विषारी, साबणाने तीनदा हात धुतले.
खरं लिहितो. फेब्रुवारीत सु.ची तपासणी आहे. मला त्याचंच भ्या वाटून राहिलं. समाजाच्या बैठकीत अंधश्रद्धेवर भाषण देणारा मी, आणि दिवसातून दहादा त्या दोरीकडे बघतो.

१६ जानेवारी
कापलेली जागा वाळून टणक झाली. जाड रेती, विटांचे तुकडे, त्यात लावली. पाणी नाही. काहीच न करणं हे इतकं अवघड काम असेल असं वाटलं नव्हतं. सु. रोज कॉलवर जाडी मागते, मी रोज मिरच्या दाखवतो.

२७ जानेवारी
सु. आली. पिशवी ठेवायच्या आधी कुंडीपाशी गेली. मी चहा ठेवायला पळालो.

२८ जानेवारी
सकाळी मेथी निवडता निवडता म्हणाली, ‘किती कापली?’
‘निम्मी.’
‘पांढरं लागलं का?’
‘लागलं.’
‘मंग झालं. माह्या डाक्टरनं तेवढंच तं केलं.’
पुढे मेथी निवडत राहिली. मी तिथेच खाली बसलो. जानेवारीत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१२ फेब्रुवारी
रायपूर. रिपोर्ट साफ. डॉक्टर म्हणाले, आता एकदम सहा महिन्यांनी. बाहेर येऊन दोघांनी समोसे खाल्ले, मी चार. डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हटलं चटणी तिखट आहे. सु. म्हणाली, ‘चटनी तं तुमी घेतलीच नाही.’
परतताना गाडीत तिला सगळं सांगितलं, तीन मग, मिरच्या दाखवल्या ते, दोरी, भ्या. हसली. मग म्हणाली, ‘मी पन तं तिकडून रोज तिलेच पाहाले मांगत होती. भ्या काय तुमालेच होतं?’

१ मार्च
ऊन चढलं. आज फांदीच्या टोकाला हिरवा ठिपका. चष्मा पुसून पाहिला, दोन आहेत. बुड अजून एका बाजूने चपटं, मे महिन्यात फुलं येतील की नाही, साहूजीही सांगत नाहीत.
आनंदात मग भरून निघालो. सु.ने हातातून घेतला आणि मिरच्यांना घातला.