अडवून ठेवलेल्या ई-मेलचा उरलेला मजकूर मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी,
वेब होस्टिंग विभाग, तिसरा मजला.

अर्जदार: वरिष्ठ प्रोग्रामर, सर्व्हर कक्ष, तळघर.

विषय: अर्जदाराने फसवणुकीचा म्हणून कळवलेला ई-मेल फसवणुकीचा नसल्याने तो शुक्रवारपूर्वी सोडून देण्याबाबत.

संदर्भ: ई-मेल सुरक्षा नियमावली, कलम नऊ (मसुदा: अर्जदार).

महोदय,

१. अर्जदार या कार्यालयात लोकांच्या वेबसाइट्स सांभाळतो. होस्टिंग म्हणजे काय, तर दुसऱ्याचे बिऱ्हाड आपल्या जागेत ठेवून घेणे. अर्जदाराच्या यंत्रांवर एक केशकर्तनालय नांदते, दोन शिकवण्या नांदतात, आणि एक चपलांचे दुकानही, जे प्रत्यक्षात केव्हाच बंद पडले, पण त्याची वेबसाइट अजून "आजच भेट द्या" म्हणते. या सर्वांच्या दाराला कुलूप आहे की नाही, हे अर्जदार रोज पाहतो. कुलपांच्या बाबतीत त्याचा हात कोणी धरू शकत नाही, असे मागील बैठकीत आपणच म्हणाला होतात.

२. परवा सोमवारी अर्जदाराच्या कार्यालयीन पत्त्यावर एक ई-मेल आला. पाठवणाऱ्याचा पत्ता अनोळखी, विषयाच्या जागी "मामा, प्लीज वाच", सोबत एक फाइल. कलम नऊमध्ये धोक्याच्या खुणा दिल्या आहेत: अनोळखी पत्ता, घाई, जोडलेली फाइल, नात्याचा हवाला आणि भावनेला घातलेला हात. एकूण एक खूण जुळली. अर्जदाराने ई-मेल न उघडता लाल बटण दाबले. खरे सांगायचे तर त्याला जरा बरेही वाटले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्याला फसवण्यालायक समजले होते.

३. बटण दाबल्यानंतरचे सारे प्रोग्राम करतो. प्रोग्राम सांगितले तेवढेच करतो, हाच त्याचा गुण आणि हीच त्याची खोड. त्याने ई-मेल कुलूपबंद केला, पाठवणाऱ्याचा पत्ता, महोदय, एक आपण सोडून सर्वांपासून झाकला, तो कायमचा अडवला आणि उलट उत्तर धाडले: "आपला फसवणुकीचा प्रयत्न नोंदवण्यात आला आहे. पुन्हा संपर्क साधल्यास कायदेशीर कारवाई केली जाईल." प्रोग्रामही अर्जदाराचा आणि हा मजकूरही त्याचाच. तो पुरेसा कडक व्हावा म्हणून त्याने बरीच मेहनत घेतली होती.

४. आज अडवलेल्या ई-मेलांचा साप्ताहिक अहवाल आला. त्यात प्रत्येकाची सुरुवातीची मोजकी अक्षरे तेवढी छापतात. अर्जदाराच्या नावासमोर असे छापले आहे: "मामा, आई म्हणते तू काही येणार नाहीस, तरी मी कळवतेच. शनिवारी माझ्या". येथे अक्षरांची मर्यादा संपली.

५. भामटे अर्जदाराने पुष्कळ पाहिले. कोणी लॉटरी लागली म्हणतो, कोणी बँकेतून बोलतो. पण अर्जदाराच्या बहिणीचा स्वभाव इतका अचूक ओळखणारा भामटा अजून जन्माला यायचा आहे. सबब, ई-मेल भाचीचाच आहे.

६. आपण म्हणाल, मग फोन करा. ती सोय अर्जदाराने ठेवलेली नाही. भाचीच्या वाढदिवसांना, बहिणीच्या आजारपणात, मेहुण्यांच्या अंत्यविधीलासुद्धा तो पोहोचला नाही. दर वेळी सर्व्हर बंद पडला होता, आणि हे खरे होते. शेवटी बहीण फोनवर एवढेच म्हणाली, "राहू दे रे. तुझी यंत्रं सांभाळ." पुढे अर्जदाराने सुरक्षेच्या कारणास्तव नंबर बदलला आणि त्याच कारणास्तव तो कोणालाही दिला नाही. जुना फोन टाकण्यापूर्वी समूळ पुसावा, असे कलम चार सांगते. त्यानुसार बहिणीचा नंबरही पुसला गेला. दरम्यान तिने घर बदलल्याचे उडत उडत कानावर आले. अशा रीतीने अर्जदार आज पूर्णपणे सुरक्षित असून, त्याला गाठण्यासाठी भाचीला कंपनीच्या वेबसाइटवरून त्याचा पत्ता हुडकून काढावा लागला.

७. मदतकक्षातील बाईंना विचारले असता त्या हसून म्हणाल्या, "अहो, कुलूप तुमचं, नियम तुमचे, आणि किल्ली आम्हाला मागता?" परंतु कुलूप आपल्या सहीशिवाय निघत नाही, आणि त्यासाठी दोन सहकाऱ्यांचे दाखले लागतात, की पाठवणारी व्यक्ती खरी आहे. अर्जदाराने दिवसभर आठवून पाहिले. त्याला भाची आहे, हे या इमारतीत कोणालाही ठाऊक नाही. आता हा अर्ज वाचून आपल्याला ठाऊक झाले आहे, तेव्हा एक दाखला आपण द्यावा. दुसरा मदतकक्षातील बाईंनी दिला. त्या म्हणाल्या, "लिहा माझं नाव. मीही कुणाची तरी मावशी आहेच की." यानंतर त्यांनी अर्जदाराला चहा विचारला, आणि अर्जदाराने तो तिथेच बसून घेतला.

८. शुक्रवारी सायंकाळी अडवलेले सर्व ई-मेल आपोआप नष्ट होतात. "शनिवारी माझ्या" यापुढे काय असेल, ते अर्जदाराने लिहून पाहिले. माझ्या घरी. माझ्या लग्नाला. माझ्या दुकानाचं उद्घाटन. माझ्या ऑपरेशनच्या वेळी, हेही लिहिले आणि खोडले. काहीही असो, त्याला जायचे आहे. सर्व्हर बंद पडला तरी जायचे आहे, हे आपण याच अर्जावर रजा म्हणून नोंदवावे.

९. ई-मेल सोडणे नियमात बसत नसल्यास आपण निदान आपल्या पत्त्यावरून तिला एक ओळ कळवावी: "तुझा मामा येतोय, पत्ता पुन्हा पाठव." मात्र आधीच्या धमकीनंतर तिला हेही बनावट वाटेल. वाटायलाच हवे, संशय घ्यायला तिला अर्जदारानेच शिकवले. ती शाळेत असताना मामा-भाचीत एक परवलीचा शब्द ठरला होता. "मला तुझ्या मामाने पाठवलंय" असे कोणी म्हणाले, तर आधी शब्द विचारायचा, आणि शब्द चुकला तर त्याच्यासोबत जायचे नाही. परवलीचा शब्द कधीही कागदावर लिहू नये, हे नियमावलीचे कलम एक. हा अर्ज आपल्या टेबलावर येईपर्यंत आणखी काही जण तो वाचतील, याची पूर्ण जाणीव ठेवून अर्जदार तो लिहीत आहे. शब्द "घोरणारा जिराफ" असा आहे. तो ओळीच्या शेवटी घालावा. तिला तो आठवत नसल्यास हा अर्ज दप्तरी दाखल करावा.

आपल्या सहीच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
(सही)
वरिष्ठ प्रोग्रामर, सर्व्हर कक्ष

दिनांक: बुधवार

सोबत: साप्ताहिक अहवालाचे एक पान, मदतकक्षातील बाईंचा दाखला.