उंच पाठीची खुर्ची

२ ऑगस्ट १९९९, सोमवार
आजपासून मॅनेजर. रामसरन शिपायाने खुर्ची आणून ठेवली. उंच पाठ, दोन्हीकडे हात, पाठीवर पांढरा टॉवेल. आमच्या नोएडा ऑफिसात टॉवेल मॅनेजरपासून सुरू होतो. मला अशा गोष्टींचं कौतुक नाही. टॉवेल दोनदा सरळ केला, कारण तो वाकडा होता.

मॅनेजरच्या टेबलाची मधली जागा भेटायला येणाऱ्यांसाठी मोकळी ठेवतात. त्यामुळे कॉम्प्युटर डावीकडे, बाजूच्या टेबलावर. दोन हजार साल लागायच्या आत सगळ्या रेकॉर्डमधलं साल चार आकडी करायचंय. खन्नासाहेबांनी सप्टेंबरअखेरची तारीख दिली आहे. ताण घ्यायचा नाही, असं ठरवलं.

५ ऑगस्ट
मान डावीकडे बरीच वळते. हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं. भेटायला कुणी नाही.

११ ऑगस्ट
दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, १८ सप्टेंबरला, पूर्वी नाट्यगीत म्हणणार. पंधरा वर्षांची आहे, स्टेजवर पहिल्यांदाच. बाबा पेटीवर असतील तरच गाईन, म्हणते. शब्द विसरली की माझ्याकडे बघते, मी ओठ हलवतो, आणि गाडी पुढे जाते.

खालच्या मजल्यावरचे मुरलीधर पेटी वाजवायला तयार होते. त्यांना नम्रपणे नाही म्हटलं. त्यांची लय धावते. हा मत्सर तर नव्हे, असं स्वतःला विचारलं. नाही.

२० ऑगस्ट
उजव्या हाताला मुंग्या. माउसही डावीकडेच असल्याने हात दिवसभर आडवा ताणलेला. संकल्प: दर अर्ध्या तासाने उभं राहायचं.

दोनदा उभा राहिलो. खन्नासाहेबांनी काचेतून पाहिलं आणि आत येऊन विचारलं, क्या बात है, छुट्टी चाहिए? बसलो.

२७ ऑगस्ट
बायकोने, वीणाने, गाझियाबादच्या फिजिओथेरपिस्टकडे नेलंच. बाईंनी विचारलं, ऑफिसात कसे बसता. बसून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, कॉम्प्युटर समोर घ्या आणि ऑपरेटरवाली छोटी खुर्ची घ्या, जी वरखाली होते. मग म्हणाल्या, टेन्शन लेते हैं? नाही म्हटलं. वीणा भिंतीवरचा सांगाडा बघत होती.

खोटं बोललो का? परतताना स्कूटरवर तीनदा विचार केला. विचारलं त्या क्षणी टेन्शन नव्हतं. म्हणजे खोटं नाही.

३० ऑगस्ट
आमची ऑपरेटर लतिका म्हणाली, सर, मेरी कुर्सी ले लीजिए, मैं स्टूल पे बैठ जाऊँगी. तिच्या खुर्चीला ना हात, ना टॉवेल. तिच्या पाठीचा विचार करून नकार दिला. कॉम्प्युटरचं म्हणाल, तर तो समोर आणला की येणाऱ्याला माझा चेहरा दिसणार नाही.

६ सप्टेंबर
पहिला माणूस आला. एसीवाला. पंधरा मिनिटं होता, पण शिडीवर.

१३ सप्टेंबर
घरी गणपती बसले. आरतीत टाळ्या वाजवताना उजव्या हाताची दोन बोटं जाणवतच नव्हती. सरावात पूर्वी म्हणाली, बाबा, तुमचे सा आणि रे एकदम वाजतात. पेटीत बिघाड असावा.

१४ सप्टेंबर
अर्धी रजा टाकून पेटी पहाडगंजला नेली. कारागिराने पट्ट्या काढल्या, भाता बघितला. म्हणाला, पेटी एकदम फर्स्ट क्लास है, अब हाथ दिखाइए.

१६ सप्टेंबर
सकाळी उठलो तो मान डावीकडे. परत येईना. पूर्वीने आईला हाक मारली, आई, बाबांची नेक अटकली. वीणाने आधी तिचं मराठी सुधारलं, मान अवघडली म्हणतात, मग माझ्या मानेला पट्टा बांधला. बोटं अजून बधिरच. वीणा खाली जाऊन मुरलीधरांना सांगून आली. येताना म्हणाली, पोरीचं गाणं की टॉवेल, एवढंच ठरवायचं होतं ना.

हे मला अन्यायाचं वाटलं. टॉवेल ऑफिसचा आहे.

१९ सप्टेंबर, रविवार
काल कार्यक्रम झाला. गळ्यातला पट्टा बघून मंडळाने मला पहिल्या रांगेत, अध्यक्षांच्या शेजारी, खास खुर्ची दिली. उंच पाठीची. टॉवेलसुद्धा होता. स्टेज समोर, माझी मान डावीकडे. तिकडे जनरेटर. खुर्ची उजवीकडे फिरवली असती तर स्टेज दिसलं असतं, पण अध्यक्षांकडे पाठ झाली असती.

दुसऱ्या कडव्यात पूर्वी थांबली. मुरलीधरांनी सूर धरून ठेवला. बराच वेळ धरला. मग त्यांनीच शब्द गुणगुणून दिले आणि ती पुढे गेली. त्यांची लय कुठेही धावली नाही, हे नोंदवायला हवं.

बसमध्ये ती माझ्या डावीकडे बसली, म्हणजे मला दिसावी म्हणून. म्हणाली, मी तुमच्याकडे बघितलं होतं. मी म्हटलं, हो, कळलं मला. ती म्हणाली, कसं कळलं? तुम्ही तर तिकडे बघत होतात.

उद्या कॉम्प्युटर समोर घेणार. सकाळी कुणी भेटायला आलं नाही, तर.