वारावरून नाव

कुमासी, १४ ऑगस्ट

ती. बाबांस,

यावचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? आम्ही मजेत आहोत. तुमच्या सुनेला, दुफीला, हल्ली आंबवलेल्या मक्याच्या केंकीचा वाससुद्धा सहन होत नाही, पण एरवी ती ठणठणीत आहे.

माझा संगणकाचा वर्ग संपत आलाय. न्हीरा मॅडमनी एक सोपंसं आव्हान दिलं होतं. जन्मतारीख टाकली की प्रोग्रॅमनं वार काढायचा आणि त्या वारी जन्मलेल्याला आपल्यात जे नाव देतात ते सांगायचं. सोमवारचा क्वाजो, गुरुवारचा याव. काम जेवणाआधीच झालं आणि माझे हात शिवशिवायला लागले. मग किनाऱ्याकडच्या फान्टी लोकांचे त्याच नावांचे उच्चार घातले. जुळ्यांचीही सोय केली, आधी येईल तो पानिन, मागून येईल तो काक्रा.

मॅडम म्हणाल्या, "याव, मी वाटीभर भात मागितला होता, तू लग्नाची पंगत कशाला मांडलीस?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो. जुळ्यांचं कारण काही सांगितलं नाही.

पोकुआ आत्याच्या फोनवर तो प्रोग्रॅम घालून दिला तो ती तुम्हाला दाखवेल म्हणूनच. परवा बाजारात भेटली तर पोट धरून हसत होती. "अरे, तुझ्या यंत्रानं दादाला गुरुवारचा ठरवलं! दादा नुसता भडकलाय. म्हणतो, 'मी क्वाजो! या दीडशहाण्यानं बापाला स्वतःचंच नाव चिकटवलं! त्याला सांग, माझी तारीख शाळेत घालताना अंदाजानं लिहिली होती. वार माझ्या आईला पक्का ठाऊक होता.'"

बाबा, मी बँकेतली नोकरी सोडल्यापासून 'त्याला सांग' एवढंही तुम्ही कुणाला म्हणाला नव्हतात. मी घरी येताच कामाला बसलो. आता प्रोग्रॅम आधी विचारतो, "घरात तुम्हाला काय हाक मारतात?" हाक आणि तारीख जुळली नाही, तर हाकच खरी मानतो आणि त्या तारखेच्या आसपासचे त्या वाराचे दिवस दाखवतो, तुमच्यासाठी सोमवार. मॅडमनी तो सगळ्यांना दाखवला, तर निम्म्या वर्गानं आपापल्या आजोबांना फोन लावले.

तरी एक जागा रिकामी आहे. डॉक्टरीणबाईंना दुफीच्या पोटात दोन ठोके ऐकू येतात. होय बाबा, जुळी. महिनाभरात येतील. एक नाव वार देईल, पानिन-काक्राही आपसूक ठरेल. पण तिसरं नाव बापानं द्यायचं, आणि मला पानिनला तुमचं द्यायचंय. अम्पोफो. मुलगा असो की मुलगी.

नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप मला नाही, खोटं कशाला लिहू? पण तुमचं बोलणं तुटलं याचं फार वाईट वाटतं. ज्याचं नाव ठेवायचं त्यानंच बारशाला बाळाच्या जिभेवर आधी पाण्याचा, मग दारूचा थेंब ठेवावा असं मला वाटतं. तुम्ही आला नाहीत तर ते नाव मी ठेवणार नाही. रागानं नव्हे, तुमच्या गैरहजेरीत ते घ्यायला माझी जीभच रेटणार नाही.

दुफी म्हणते, "बाबा येतील. मनात माया नसती तर एवढे भडकले कशाला असते?" मला तिचं पटतंय.

बाळं आली की आत्याला फोन करीन. आठव्या दिवशी, बारशाच्या पहाटे, अंगणात तुमची खुर्ची मांडलेली असेल. तुम्ही बसल्यावरच बाळांना बाहेर आणीन.

वाट पाहणारा,
तुमचाच मुलगा
याव