काढलेल्या देवी

मालेगाव, ता. ११ फेब्रुवारी १९३५

चि. सौ. इंदिरेस ढुंढिराजाचे आशीर्वाद.

देवीची लस टोचणारा दारात आला तेव्हा तू लेकीला, लतिकेला कोठीच्या खोलीत दडवलंस, हे तुझ्या दिराकडून, गंगाधरकडून कळलं. लाज वाटली. तुझ्या सासरी यात्रेकरूंना चार मंत्र सांगून पोट भरतात, म्हणून तूही डोकं गहाण टाकलंस काय? रोगाला एकदा देवी म्हटलं की त्याला हाकलणं पाप वाटतं. मग 'आल्या' म्हणायचं, फोडणी बंद करायची, ओटी भरायची आणि पोर हातची घालवायची. नाव बदला, म्हणजे अक्कल ठिकाणावर येईल.

वैशाखात आमच्या बंडूची मुंज आहे. टोचल्याशिवाय लतिकेला माझ्या उंबऱ्याच्या आत घेणार नाही. तिचा दंड पाहीपर्यंत लोभाची गोष्ट काढू नये.

ढुंढिराज


नाशिक, ता. २० फेब्रुवारी १९३५

ती. दादास इंदिरेचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. पोरीला सासूबाईंनी दडवलं, मी नाही. पण ते विचारायला तुला सवड कुठली.

लतिकेला टोचलं. सासूबाईंशी वाद घातला असता तर जन्म गेला असता. मी एवढंच म्हटलं, देवी दंडावर बसवून आणते. त्यांनी आपल्या हातांनी कुंकू लावून पाठवलं. फोड चांगले धरलेत. तू ज्या शब्दाला शिव्या घालतोस त्यानेच काम झालं.

आता तुझं. वहिनी लिहितात, टोचणाऱ्याला तू 'माझ्या लहानपणीच काढल्या आहेत' म्हणून वाटेला लावलंस. काढल्या म्हणजे काय रे? काय निघालं बाहेर? ते तर आत घालतात. इथल्या टोचणाऱ्याने मला स्वच्छ सांगितलं की काही वर्षांनी गुण ओसरतो, पुन्हा टोचून घ्यावं लागतं. पण काढलेली वस्तू परत यायची कुठून, असं तुझ्या डोक्यात बसलंय. आम्ही एका शब्दाच्या पाया पडतो आणि तू दुसऱ्याच्या. फरक इतकाच की तू इंग्रजी शिकलास.

लोभ शिल्लक असेल तर दंड पुढे कर.

इंदिरा


मालेगाव, ता. २२ मार्च १९३५

चि. सौ. इंदिरेस आशीर्वाद.

अक्षर आमच्या कचेरीतल्या खलीलचं आहे. त्याला लहानपणी देवी येऊन गेल्यात, म्हणून तोच जवळ बसतो. मला आज सोळावा दिवस. खपल्या धरल्यात. डावा डोळा गेला. तुझ्या वहिनीला आणि बंडूला त्याने पहिल्याच दिवशी टोचवून तिच्या माहेरी पोचवलं.

तुझं पत्र मी हिला हसत हसत वाचून दाखवलं होतं. तू बरोबर होतीस हे लिहायला सांगताना आजही जीव जळतो. सासरच्यांवर मी बोललो ते मात्र परत घेत नाही.

मंगळवारी निघतेस अशी तार आली. निघू नकोस. पत्रात लतिकेचं लिहिलंस, माझं लिहिलंस, स्वतःच्या दंडाबद्दल एक अक्षर नाही. वडिलांनी आपल्या दोघांच्याही एकाच सकाळी काढून आणल्या होत्या. माझ्या जितक्या जुन्या तितक्याच तुझ्याही. हे पत्र खाली ठेव आणि आधी टोचून घे. फोड धरल्याशिवाय इकडे पाऊल टाकू नकोस.

मग ये आणि काय भांडायचं ते भांड.

तुझा दादा