तोशाचा वॉकर फाटकाबाहेर ठेवू नये

मी, जानेता कुराश, राहणार झगायकी, वॉम्झाजवळ, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी प्यायलेली नाही आणि कुणी दमदाटी करून हे लिहून घेत नाही. गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. मला फार भीती वाटते. नर्सबाई म्हणाली, सगळं स्वतःच्या हातानं लिहून सही-तारीख टाकली की चालतं. शाळा मी अर्धवट सोडली, तेव्हा चुका काढत बसू नये.

१. माझी मुलगी तोशा सहा वर्षांची आहे. तिचा बाप नॉर्वेत कामावर परांचीवरून पडून वारला. माझं बरंवाईट झालं तर तोशाला समोरच्या गेनोवेफा काकूंनी सांभाळावं. माझी नणंद व्योलेता हिच्याकडे देऊ नये. आत्या सख्खी असताना शेजारीण का, असं कोर्टात विचारतील, म्हणून कारण लिहिते.

तोशाचे पाय जन्मापासून ताठ. ऑपरेशनला पैसे नव्हते तेव्हा व्योलेतानंच ‘तोशासाठी लोखंड’ सुरू केलं. लोकांनी भंगार फाटकाबाहेर ठेवायचं, शनिवारी गावातल्या आग विझवणाऱ्या पोरांचा ट्रॅक्टर येऊन उचलणार, विकून आलेले पैसे तोशाच्या खात्यात. त्यातूनच ऑपरेशन झालं. ते मी विसरले नाही. ज्यांनी दिलं त्यांचं देव भलं करो.

पण ऑपरेशन होऊन गेलं तरी हे थांबेना. चौकातल्या भंगाराच्या मोठ्या डब्यावर माझ्या पोरीचा फोटो, तारेनं बांधलेला. तिच्या हनुवटीखाली लिहिलंय, ‘जुनं, मोडकं इथे टाका’. कुत्री त्यावर तंगडी वर करतात. लोक काय काय टाकतात! डुक्कर कापायचं घमेलं, केसाचरबीसकट. रंगाचे डबे. पोरांचे लंगोटसुद्धा. घाण घरातून जाते आणि वर पुण्य मिळतं, मग कोण सोडतंय? आणि व्योलेता दर शनिवारी तोशाला त्या ढिगापुढं उभी करणार. “हास की गं! लोक तुझ्यासाठी एवढं देतायत आणि तू तोंड पाडून!” तरी मी तिला उभी राहू द्यायचे. उपकार होते ना.

सप्टेंबरात एका शनिवारी आम्ही फाटकाशी होतो. तोशाला घाईची लागली, मी तिला उचलून आत नेलं. वॉकर बाहेरच राहिला. परत येऊन बघते तर नाही. ट्रॅक्टर येऊन गेला होता. तोशासाठी लोखंड म्हणून तोशाचाच वॉकर घेऊन गेले!

व्योलेताला फोन केला. ती हसायलाच लागली. “अगं, जुनाच होता तो. बरंच झालं! मी फोटो टाकते, तोशाचा वॉकर गेला म्हणून. बघ आता कसं लोखंड येतं!”

“ताई, पोरगी रांगतेय घरात,” मी म्हटलं.

“मग रांगतानाचाच फोटो पाठव.”

हे शब्द मी जसेच्या तसे लिहिलेत. कोर्टानं दोनदा वाचावेत.

मी समोर जाऊन सांगितलं, तशी काकूंनी चर्चला घालायचा कोट चढवला आणि मला घेऊन भंगाराच्या वखारीत गेल्या. मला चार पावलांत धाप लागते, म्हणून काकूच ढिगावर चढल्या. वर क्रेनचा लोहचुंबक फिरत होता. क्रेनवाला ओरडला, “आजी, उतरा खाली! मरायचंय का?”

“तूच बंद कर ते! माझ्या मांडीत सळई आहे, मलाच उचलशील मेल्या!”

त्यानं क्रेन बंद केली, खाली आला आणि काकूंबरोबर शोधायला लागला. वॉकर एका बॉयलरखाली सापडला. एक पाय वाकला होता, तो त्यानं तिथंच सरळ करून दिला. काकूंचा कोट फाटला, तो त्यांनी मला अजून शिवू दिलेला नाही.

२. घर तोशाचं. खात्यातले पैसे तिच्या पायांच्या व्यायामालाच लावावेत. चौकातला फोटो मी मेले काय, जगले काय, उतरवायचा.

३. मशरूम कापायची माझी सुरी काकूंना. तिला धार चांगली आहे.

४. आमच्या फाटकाशी कुणीतरी पुण्य म्हणून सोडलेला फ्रीज ट्रॅक्टरवाल्यांनीही नेला नाही. तो मी व्योलेताला देते. आतल्या मांसासकट.

५. डॉक्टर माझ्या हृदयात धातूची झडप बसवणार आहेत. ती माझ्याबरोबर मातीत जाईल. ती कुणी काढून तोशाच्या नावानं ढिगावर टाकायची नाही. हसू नका, व्योलेताला मी ओळखते.

६. माझ्यासाठी लोखंड गोळा करू नये. माझा फोटो कशावरही लावू नये.

७. वॉकर रात्री तोशाच्या पलंगाशी ठेवावा, अंधारात तिचा हात पोचेल असा. फाटकाबाहेर तो कुणीही ठेवायचा नाही. ठेवला तर तिनंच ठेवावा, एखाद्या शनिवारी, आपल्या पायांनी तिथवर चालत जाऊन. मग खुशाल न्या.

जानेता कुराश
झगायकी, ६ नोव्हेंबर २०१८

साक्षीदारांची गरज नसते म्हणे, पण मला हवेत.

व्हितोल्ट म्रोचेक, क्रेनवाला. माझ्यासमोर लिहिलं.

गेनोवेफा बारश्च. वाचलं. पोरगी सांभाळीन, पण उसनी. बरी होऊन ये आणि घेऊन जा.