ओट्याखालची चौथी रेघ

आबा, काल सुट्टी होती म्हणून इथलं जुनं मोठं चर्च बघायला गेलो. हॉटेलात माझ्यासोबत भांडी घासणारा पंजाबी बरोबर होता. आत मान वर केली तर कमानी वर जाऊन टोकाला एकमेकींना भिडलेल्या, आणि प्लास्टर कुठेच नाही, नुसता घडीव दगड. तू असतास तर देवाकडे नंतर बघितलं असतंस, आधी भिंत ठोकून कान लावला असतास. एका खांबाशी तिथला म्हातारा लोकांना काहीतरी दाखवत होता. पंजाब्याने हिंदीत सांगितलं, दगड घडवणारा प्रत्येक जण आपली खूण कोरायचा, आणि मुलगा तयार झाला की बापाचीच खूण घेऊन त्यात एक रेघ वाढवायचा. दोन्ही खुणा तिथे होत्या, एकीखाली एक. कधीच मेलेल्या माणसाचा कसला हेवा करायचा, पण माझ्या पोटात दुखलं.

कारण खूण तुझीही होती. शांती नगरच्या तू गवंडीकाम केलेल्या कितीतरी बिल्डिंगांत, स्वयंपाकाच्या ओट्याखाली, कुणाची नजर जाणार नाही तिथे, ओल्या प्लास्टरवर थापीच्या टोकाने तीन रेघा. काशीगावच्या आपल्या घराचा ओटा केलास तेव्हा थापी दादाच्या हातात दिलीस आणि त्याने चौथी ओढली. मीही हात पुढे केला. तू म्हणालास, "तुज्या हाताला धीर न्हाय. तू शाळेत जा." शाळेत तरी धीर कुठे होता? आठवीत सोडली.

आठ दिवसांत ती चौथी रेघ प्लास्टरासकट झडून पडली. तू ओट्याखाली वाकून बघतोयस, चुरा जिभेला लावतोयस. "वाळू खारीच असनार." खाऱ्या वाळूचं प्लास्टर टिकत नाही, आणि वाळू दादाने धुतली होती. आईसमोर, शेजाऱ्यांसमोर त्याला म्हणालास, "बापाच्या घरात असं, तर लोकांच्या घरात काय करशील?" दादा जेवला नाही. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मग तू जाईपर्यंत त्याने धुतलेली वाळू चाखून बघितल्याशिवाय कधी कालवू दिली नाहीस.

काल खांबावरच्या त्या मुलाच्या रेघेला नख लावून बघितलं. दगड कसला निघतोय. फोटो दादाला पाठवला, त्याचं उत्तर आलं, "आबाला आवडलं असतं. आपली तर वाळूच खारी." मी अंगठा पाठवला.

हे खरं तर त्याला लिहायला हवं. तुला लिहितोय, तू वाचणार नाहीस म्हणून.

वाळू चांगली होती, आबा. खिळ्याने ती रेघ मी खरवडली होती.