खुर्चीवरचा भोंगा

सान लुइस, ३ मार्च

चि. मिलेइदीस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून. मनातून तुझा कान पिळतेय. मावशीच्या घशाला आराम म्हणून तू नेटवरून फुकट उतरवलेली बोलकी व्याख्यानं नि कादंबऱ्या पेनड्राइव्हवर पाठवल्यास. मी खुळी, कौतुकानं कारखान्यात नेल्या. साहेब ओर्दोन्येस म्हणाले, वा, याला ना पगार, ना खोकला! सोमवारपासून माझ्या खुर्चीवर भोंगा आहे आणि मी खाली तंबाखूची पानं निवडतेय. जन्मभर सिगार वळणाऱ्यांना वाचून दाखवलं, नि सवत पाठवली कुणी? सख्ख्या भाचीनं!

रागावलेली,
झोराइदा मावशी

हवाना, ९ मार्च

ती. मावशीस सा. न.

पत्र वाचून आधी रडले, मग मलाही संताप आला. नेट मिळतं त्या पार्कातल्या बाकावर बसून, ते येई-जाई तसं एकेक व्याख्यान उतरवलं ते तुझ्यासाठी. कॉलेज सुटलं तरी शिकणं सोडू नकोस, असं तूच बजावलंस ना? मी त्याच व्याख्यानांवर शिकतेय. खुर्ची बळकावली साहेबानं आणि ओरडा मला! वाचक साहेब नेमत नाही, कामगार हात वर करून निवडतात, हेही तूच सांगायचीस. मग पानं निवडत मुकाट काय बसलीस?

तुझीच, पण फुगलेली,
मिलेइदी

सान लुइस, १७ मार्च

चि. मिलेइदीस आशीर्वाद, या खेपेला मनापासून.

मला तोंड उघडावंच लागलं नाही. काल भोंग्यातले मास्तर उसाच्या मळ्यांतल्या गुलामांबद्दल सांगत होते. म्हाताऱ्या फेलिसियाची पणजी त्यांतलीच. ती म्हणाली, थांबा, एवढं परत सांगा. भोंगा आपला पुढे. ती ओरडली, तरी पुढेच! तिनं पान कापायची पाती जमिनीवर आपटली. वाचन आवडलं की पाती टेबलावर वाजवतात, नावडलं की जमिनीवर. बघता बघता साऱ्या दालनाच्या पात्या खाली! ओर्दोन्येस धावत आले. फेलिसिया म्हणाली, याला ज्यांनी निवडलं त्यांनी हात वर करा. एकही हात वर गेला नाही. साहेबांनी स्वतः भोंगा उचलून नेला.

मी खुर्चीवर बसले, तर मेल्यांनी पहिली फर्माईश काय केली? मास्तर पुढे काय म्हणाले ते सांग! आता रोज घरी ऐकते, दुसऱ्या दिवशी दालनात सांगते. कुणी अडवलं की थांबते, भांडते, परत सांगते.

पण तिसरं व्याख्यान ऐन रंगात तुटलंय. अर्धवट कामाची तुझी खोड काही जात नाही! फेलिसिया माझ्या जिवावर उठलीय. आधी पार्कात जा, उरलेलं पाठव, मग जेव.

लोभ आहे म्हणून ओरडते, सोसून घ्यावा.

झोराइदा मावशी, वाचक